आखूड बाह्यांचा कोट

९ फेब्रुवारी

चिमे,

हे पत्र कुरियरने पाठवतोय. माझा फोन पोलिसांनी नेलाय, तुझ्या वहिनीचाही नेलाय, आणि दुकानातल्या फोनवर काही बोलू नका असं वकीलबाईंनी बजावलंय. तेव्हा आपण पुन्हा पत्रांवर आलो. तू वसतिगृहात होतीस तेव्हा मी लिहायचो, "चादरी तिथेच धू, घरी पार्सल करू नकोस, आपली लाँड्री आहे म्हणून फुकट नाही." आजही तसंच काहीतरी लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्या बारक्याला धरलंय.

बातमी तू वाचलीच असशील. परवा दुपारी मोठ्या चौकात सभा होती. विरोधी पक्षाचे नेते बोलायला उभे राहिले आणि गर्दीतून कुणीतरी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दवाखान्यात नेईपर्यंतही राहिले नाहीत. बारक्या त्या वेळी मोठ्या हॉटेलात मुलाखतीला चालला होता, येणाऱ्याजाणाऱ्यांचं स्वागत करायची नोकरी होती. रस्ता चौकातूनच जातो. गोळ्यांचा आवाज झाला, हा पळाला, आणि मागच्या गल्लीत पोलिसांनी त्याची मानगूट पकडली. एवढंच झालं. ज्याला कपाटातलं झुरळ मारता येत नाही, वहिनीला हाक मारतो, तो माणूस मारेल का? पण हे पोलिसांना सांगायला गेलं तर ते आपल्याकडेच बघायला लागतात.

आता मुद्द्याचं. त्याच्या कोटाच्या बाह्यांवर काहीतरी आहे म्हणे. कोट तपासायला तुमच्या प्रयोगशाळेत पाठवलाय. चिमे, तुमच्या! हे ऐकलं आणि मी पहिल्यांदा श्वास घेतला. आपलं माणूस आत आहे म्हटल्यावर काळजी कसली. तू जरा बघ. बाकी काही म्हणत नाही, जरा बघ.

आबांना सांगितलंय, बारक्या मुलाखतीनंतर मित्राकडे राहिलाय. त्यांनी पेपर वाचू नये म्हणून त्यांचा चष्मा मी इस्त्रीच्या टेबलाखाली लपवलाय. सकाळपासून घरभर शोधतायत आणि तुझ्या वहिनीला बोलतायत. ती बिचारी ऐकून घेते.

लगेच उत्तर दे.

तुझा दादा

---

१२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र येण्याआधी कोटाचं पुडकं आलं. आलेल्या वस्तूंची नोंद करायच्या टेबलावर त्या दिवशी मीच होते. सोबतच्या कागदावर बारक्याचं पूर्ण नाव होतं, आबांचं नाव होतं, दुकानाचा पत्ता होता. मी उठले, थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की हा माझा सख्खा भाऊ आहे. त्यांनी माझ्याकडून किल्ली काढून घेतली. आता त्या मजल्यावर मला पाऊल टाकता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर कुणी बसत नाही.

तू म्हणतोस जरा बघ. मी जरा जरी बघितलं ना, तरी उद्या सरकारी वकील म्हणतील की बहिणीने हात फिरवला. मग अहवाल बारक्याच्या बाजूने आला तरी त्याची किंमत शून्य. मी लांब राहणं हाच त्याचा फायदा आहे. पटत नसेल तरी हे खरं आहे.

कुठल्याही पुस्तकात मिळेल तेवढं सांगते. बंदूक उडाली की गोळीबरोबर बारीक धूळ उडते, डोळ्यांना न दिसणारी. ती उडवणाऱ्याच्या हातांवर, बाह्यांवर बसते. हातावरची धुतली की जाते, कापडातली रेंगाळते. पण ती दुसऱ्याकडूनही लागते. म्हणून वकीलबाईंना विचारायला सांग: धरल्यावर त्याला कुठल्या गाडीत बसवलं, शेजारी बंदूकवाला शिपाई होता का, कोट अंगातून कधी काढला, कशात बांधला.

आणि त्याला डॉक्टरांकडून तपासून घ्यायचा अर्ज करा. रोज करा. मारतायत का त्याला? हे मला गुळमुळीत नको सांगूस.

अजून एक. बारक्याकडे कोट कुठून आला? गेल्या वेळी मी आले तेव्हा त्याच्याकडे धड स्वेटर नव्हता.

आबांचा चष्मा परत दे. किती दिवस पुरणार आहे तुला ही युक्ती?

चिमी

---

१५ फेब्रुवारी

चिमे,

वाचलं तुझं पत्र. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. आपण तुला शिकवली, आबांनी बॉयलरच्या वाफेत उभं राहून शिकवली, ती कशाला? घरचं माणूस बुडत असताना काठावर बसून नियम वाचून दाखवायला? "लांब राहणं हाच त्याचा फायदा." छान. असा फायदा तर सगळं गाव करून देतंय. समोरचा किराणावाला बारक्याला भाचा म्हणायचा, तो आता दुकानावरून जाताना मान वळवून जातो. त्याचंही शिक्षण तुझ्याच कॉलेजात झालं असणार.

बरं, ते राहू दे. रागावलोय, पण लिहिणार दुसऱ्या कुणाला?

काल वकीलबाईंबरोबर भेट मिळाली. मध्ये जाळी. बारक्याच्या डाव्या डोळ्याखाली काळं झालंय. विचारलं तर म्हणाला, पडलो. उजवा हात पूर्ण वेळ मांडीखाली धरून बसला होता. गुळमुळीत नको म्हणालीस ना, तर घे: मारतायत. डॉक्टरांचा अर्ज केलाय, आज होईल, उद्या होईल असं चाललंय.

आणि ऐक. मी विचारलं जेवलास का, तर त्याने मला विचारलं, "कोट कुठाय?" मी म्हटलं अरे जळो तो कोट. तर पुन्हा तेच, "कोटाला काही झालं नाही ना? फाटला नाही ना?" शेजारी उभ्या फौजदाराने लगेच कान टवकारले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बघा, तुमच्या भावाला फाशीची नाही, कोटाची काळजी आहे. निर्दोष माणूस कोट कशाला विचारेल?"

मग त्याने मला चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. गोळ्यांचा आवाज होतो, सगळी माणसं खाली पडतात. म्हातारी, तरणी, पोरं कडेवर घेतलेल्या बायका, सगळी त्या चिखलात आडवी. त्या दिवशी चौकात पाण्याची पाइप फुटली होती, घोट्यापर्यंत राड झाली होती. आणि त्या सगळ्या आडव्या माणसांमधून एकटा बारक्या उभ्या उभ्या पळतोय. दोन्ही हातांनी कोटाच्या कडा धरून, पोटाशी आवळून. फौजदार म्हणतो, तो आत पिस्तूल लपवत होता. मी म्हटलं, घाबरट आहे तो लहानपणापासून. तो म्हणाला, घाबरट माणूस आधी आडवा होतो.

मी परत जाळीपाशी गेलो. बारक्याला विचारलं, का पळालास? तो खाली बघत बसला. पोलिसांनाही काही सांगत नाही. म्हणून मारतात.

कोटाचं म्हणशील तर जुन्या बाजारातून घेतला होता. स्वस्तात मिळाला.

आबांना चष्मा दिला नाही. देणार नाही.

दादा

---

१८ फेब्रुवारी

दादा,

आज पेपरात बारक्याचा फोटो आलाय. न्यायालयाच्या पायऱ्यांवर, दोन शिपायांच्या मध्ये. खाली लिहिलंय, "संशयिताला पकडल्यानंतर." म्हणजे पहिल्या दिवशीचा फोटो, अंगात कोट आहे. तू हा पेपर फेकून दिला असशील, म्हणून सांगते काय दिसतं. कोट खांद्यांना ढगळ आहे आणि बाह्या मनगटाच्या चांगल्या वर संपतात. शर्टाचे कफ बाहेर लोंबतायत.

जुन्या बाजारातून कोट घेतला असता, तर आबांच्या घरात तो तसाच घातला गेला असता का? ज्या घरात रुमालाला इस्त्रीची घडी लागते, तिथला पोरगा मुलाखतीला जाताना बाह्यांची दुमड सोडवून त्या लांब करून घेतो. आतमध्ये बोटभर कापड असतंच, तास-दीड तासाचं काम. मग का नाही सोडवल्या?

कारण कोट परत करायचा होता.

दादा, कोट कुणाचा आहे?

मी सकाळपासून एका जागी बसू शकलेले नाही. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतेय आणि ते चित्रण मला न बघताही दिसतंय. सगळे जीव वाचवायला चिखलात पडले आणि आपला गाढव कोट वाचवायला पळाला. गिऱ्हाइकाच्या कपड्याला डाग लागला तर काय होतं, हे आपल्या तिघांनाही चालायला यायच्या आधी शिकवलंय. आबा काय म्हणायचे? गिऱ्हाइकाचा कपडा म्हणजे परक्याची ठेव, अंगाला लावली की चोरी. त्याच्या डोक्यात गोळी नव्हतीच रे. त्याच्या डोक्यात चिखल होता.

आणि तो तोंड उघडत नाही, कारण उघडलं तर तुझं नाव येतं. गिऱ्हाइकांचे कपडे ठेवायच्या, पितळेच्या कुलपाच्या कपाटाची किल्ली तुझ्या कमरेला असते, त्याच्या नाही.

दुसरा प्रश्न. तो कोट धुतला होता का? खरंखरं सांग. तो ज्याचा असेल त्याचा बंदुकीशी काही संबंध आहे का, हेही सांग. मी हे कामावरची म्हणून विचारत नाही. लाँड्रीवाल्याची पोर म्हणून विचारतेय.

चिमी

---

२० फेब्रुवारी

चिमे,

तुझ्यापासून लहानपणीही काही लपायचं नाही. बरणीतला खाऊ कमी झाला की तू आधी माझे हात हुंगायचीस.

नेमबाजीच्या मास्तरांचा आहे. ते ओळखीतले, नळबाजाराच्या मागे त्यांचं मैदान आहे, पोरांना नेम धरायला शिकवतात. आबांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. माणूस काटेकोर, बोलायला कमी. त्यांचा तो निळा कोट मैदानावरच खुंटीला असतो, थंडीत अंगावरच असतो. दर दोन-तीन महिन्यांनी आपल्याकडे ड्रायक्लीनला येतो.

बारक्या शर्टावरच निघाला होता. मीच म्हटलं, "अरे, हॉटेलवाले आधी कपडे बघतात, मग माणूस." मीच कपाट उघडलं. तो नको म्हणाला. दोनदा म्हणाला. मी म्हटलं, दोन तासांचा प्रश्न आहे, मास्तर शनिवारी येणार. कॉलरमागे आपली खुणेची चिंधी असते ना, गिऱ्हाइकाच्या नावाची, ती मी टाके उसवून काढली, कुणाला दिसायला नको म्हणून. आणि धुतला नव्हता. आता विचारलंसच तर सगळंच ऐक. ड्रायक्लीनचं मशीन बिघडलं होतं. गेला महिनाभर मी कोट ब्रश मारून, वाफेची इस्त्री फिरवून देतोय आणि पैसे पुरते घेतोय. कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे मास्तरांच्या बंदुकीची जी काही धूळ होती, ती मी बाह्यांवर इस्त्री करून घट्ट बसवली.

वकीलबाई मागच्या भेटीनंतर म्हणाल्या, "तुमच्या धाकट्याने निरोप दिलाय, दादाला म्हणावं गप्प राहा. याचा अर्थ काय?" मी म्हटलं, काही नाही, मी ठाण्यात आरडाओरडा करतो ना, म्हणून.

चिमे, तू मला नावं ठेवशील. पण इथे बसून बघ. मी हे उघड बोललो, की उद्या सगळ्या पेपरांत येणार: लाँड्रीवाला गिऱ्हाइकांचे कपडे घरात वापरतो. हॉटेलच्या चादरी गेल्या, दवाखान्याचे कपडे गेले, लोक गाठोडी काढून नेणार. कामाला चार माणसं आहेत. आबा तर हे ऐकून उरायचे नाहीत. आणि बोलूनही काय? चिंधी मीच जाळली. मास्तर म्हणाले की कोट माझा नाही, तर संपलं. का म्हणतील ते माझा? खुनाच्या भानगडीत कोण स्वतःहून नाव देतं? शनिवारी ते कोट न्यायला आले होते. मी म्हटलं, एक डाग निघत नाहीये, आठवडाभर द्या.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय. बारक्या स्वतःच म्हणतोय गप्प राहा. खरा मारेकरी सापडला की हा आपोआप सुटेल. तोवर तुमच्या अहवालातच असं काही निघालं, की धूळ फार थोडी आहे, जुनी आहे, तर? धूळ जुनी असते का ग? काहीतरी वाट असेलच ना.

दादा

---

२२ फेब्रुवारी

दादा,

वाट मला विचारू नकोस. एकच आहे आणि ती तुझ्या दारातून जाते.

धुळीवर तारीख लिहिलेली नसते. आणि आमच्याकडे विचारलं असेल तेवढंच सांगतात. पोलिसांनी विचारलंय, धूळ आहे की नाही? उत्तर जाईल, आहे. झालं. कुणी असं विचारलंच नाही की ही धूळ कुठल्या काडतुसाची. काडतुसं सगळी एका जातीची नसतात. पोरांना शिकवायला बरेचदा शिसं नसलेली वापरतात, आणि ते तपासलं की वेगळं दिसतं. पण मास्तरांचं नावच माहीत नसेल, तर तुलना करा असं वकीलबाईंनी मागायचं कशाशी? हे सगळं छापील आहे, त्यांना वाचून दाखव. न्यायालयाने विचारलं तरच प्रयोगशाळा दुसरं उत्तर देईल.

आता माझंही ऐक. त्या दिवशी टेबलावर मी नाव वाचलं ते पुडक्याचा वरचा कागद सोडल्यानंतर. तोवर कोट माझ्या डोळ्यांसमोर होता. कॉलर वर होती आणि चार टाके उसवल्याची भोकं दिसत होती. कुठल्या लाँड्रीत कॉलरमागे चार टाके असतात हे मला कळायला यंत्र लागत नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुला लिहिलं नाही, कारण ते कार्यालयात पाहिलेलं होतं. फोटो छापून यायची वाट बघत बसले. सगळ्या जगाने पाहिलं म्हणजे मलाही पाहिल्याचं म्हणता येईल. तेवढ्या दिवसांत त्याने किती मार खाल्ला असेल?

तू दुकान वाचवत होतास आणि मी नोकरी. तेव्हा मी तुझ्यापेक्षा शहाणी आहे असं समजू नकोस. हे पत्रही आता कुणी वाचलं तर वाचू दे. मला सक्तीच्या रजेवर पाठवलंय, ते तुला सांगायचं राहिलं होतं.

सोमवारी कोठडी वाढवायला त्याला पुन्हा उभा करतील. त्याच्या आत आबांना सांग. आधी आबांना, मग मास्तरांना, मग न्यायाधीशांना. बारक्या गप्प राहा म्हणतो म्हणून तू गप्प बसलास, असं पुन्हा लिहू नकोस. तो आपल्यात सगळ्यात लहान आहे.

चिमी

---

२७ फेब्रुवारी

चिमे,

सांगितलं.

शनिवारी दुकान बंद करून आबांच्या पायाशी बसलो. तुझी वहिनी दाराला टेकून उभी होती. सगळं सांगितलं, मशीनसकट. मला वाटलं होतं ते ओरडतील, हात उगारतील, छाती धरतील. ते म्हणाले, "कोट दिलास त्याचं मी मरायच्या आधी कधीतरी बघतो. पोरगा इतके दिवस आत आहे आणि मला आज कळतंय, त्याचं आत्ता बोल." मी पाय धरले. मग म्हणाले, "चष्मा आण." चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं. चिमे, त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

मास्तरांकडे गेलो तर त्यांनी दारातच उभं केलं. सगळं ऐकून घेतलं. आधी विचारलं, "धुतला होतास का?" नाही म्हटलं. मान हलवली, आपल्याला आधीपासून संशय असल्यासारखी. मग म्हणाले, "मी कोट माझा म्हटलं की माझ्या सगळ्या बंदुका जप्त होणार. पुढच्या महिन्यात पोरांची स्पर्धा आहे, वर्षभर घाम गाळलाय त्यांनी. तू मला काय मागतोयस कळतंय का तुला?" मी हात जोडले. त्यांनी दार लावून घेतलं.

सोमवारी न्यायालयात वकीलबाईंनी माझं लेखी म्हणणं दिलं आणि मला उभं केलं. मी म्हटलं, साहेब, तो कोट गिऱ्हाइकाचा आहे, मी चोरून दिला, मी न धुता दिला, माझा भाऊ कोट खराब होऊ नये म्हणून पळाला. मागून कुणीतरी हसलं. सरकारी वकील म्हणाले, छान गोष्ट रचलीय, भावासाठी माणूस काहीही बोलतो. खूण कुठाय, मालक कुठाय? बारक्या पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होता. मान हलवत होता, नको नको अशी.

आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मालक इथे आहे."

मास्तर कधी येऊन बसले होते कुणाला माहीत. पुढे आले, आणि कोट बघायच्या आधीच सांगितलं की उजव्या खिशाचं अस्तर फाटलं होतं, ते मी स्वतः शिवलंय, घरात निळा दोरा नव्हता म्हणून हिरव्याने, शिवण वाकडी आहे. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. तुमच्या प्रयोगशाळेकडून खात्री करायला सांगितलं, मास्तरांची काडतुसं पाठवायला सांगितली, आणि तू म्हणालीस तो प्रश्न वकीलबाईंनी मागितला तसा विचारायला लावला. बारक्याला पोलिसांकडून काढून मोठ्या तुरुंगात नेलंय. तिथे निदान हात लावत नाहीत म्हणे. डॉक्टरांनीही बघितलं. उजव्या हाताची दोन बोटं मोडलीत.

बाहेर आल्यावर मी मास्तरांच्या पाया पडायला गेलो. ते म्हणाले, "तुझ्यासाठी नाही आलो." आणि निघून गेले. दुपारपर्यंत पोलिसांनी त्यांच्या बंदुका नेल्या होत्या.

दादा

---

३ मार्च

दादा,

रजा अजून संपलेली नाही. चौकशी होणार आहे. मी साहेबांना आपल्या पत्रांचं आपणहून सांगितलं, ते बरं केलं की वेडेपणा केला हे अजून समजत नाही.

दुकानाचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. म्हणजे वाईट असणार. आबा जेवतात का? बारक्याच्या बोटांना नीट बांधलंय का, की तुरुंगातल्या डॉक्टराने नुसती पट्टी गुंडाळलीय?

मला झोप येत नाही. दारावर कुणी आलं की वाटतं निकालाची तार. तार येणं कधीच बंद झालंय, तरी वाटतं. काही कळलं तर एका ओळीत का होईना कळव.

चिमी

---

१६ मार्च

चिमे,

आला. बारक्या घरी आला.

तुमच्याकडून उत्तर आलं की कोटावरची धूळ मास्तरांच्या काडतुसांशी जुळते, नेत्यांवर झाडलेल्या गोळ्यांशी जुळत नाही. हिरवा दोराही निघाला. गाव सोडायचं नाही आणि दर आठवड्याला ठाण्यात हजेरी लावायची, या बोलीवर न्यायाधीशांनी सोडला. खरा मारेकरी अजून सापडलेला नाही. फौजदार मला म्हणाला, आमचा वेळ तुम्ही खाल्लात. यात तो खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्त लागलं. मलाही एक दिवस बसवून ठेवलं, सही घेतली आणि सोडलं. मास्तरांच्या बंदुका परत मिळाल्या, पण पोरांची स्पर्धा होऊन गेल्यावर. ते आता पलीकडच्या लाँड्रीत जातात.

दुकानाचं विचारलं होतंस. पेपरात आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक गाठोडी न्यायला आले. आबा स्वतः गल्ल्यावर बसले. मला मागे पाठवलं. प्रत्येकाला त्याचं गाठोडं हाताने देत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "तुमचा कपडा आमच्या घरात वापरला गेला नसेल, पण मी शपथ घेऊ शकत नाही. माफ करा." काही जण काही न बोलता घेऊन गेले. दवाखान्याने कपडे ठेवलेत. हॉटेलने चादरी बंद केल्या. दोन माणसांना मी दुसरीकडे लावून दिलं. शेजारची म्हातारी मात्र पडदे घेऊन आली आणि म्हणाली, "माझे पडदे कोण घालून मिरवणारे!" आबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

बारक्या येऊन आठवडा झाला, तुला कळवायला मीच उशीर केला. खातो, झोपतो, आबांशी बोलतो, वहिनीच्या हाताखाली भाजी निवडून देतो. माझ्याशी हो-नाही एवढंच. मला वाटलं, आतल्या माराने अबोल झालाय, येईल हळूहळू वळणावर. मी आपला एकटाच बोलत राहायचो. दुकान उभं करू, मशीन दुरुस्त केलंय, तुझी बोटं बरी झाली की तू गल्ला सांभाळ, असं काय काय.

काल संध्याकाळी मागे दोघंच होतो. मी इस्त्री करत होतो, तो डाव्या हाताने घड्या घालत होता. माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "बारक्या, रागावलायस ना माझ्यावर? अरे, मी पहिल्याच दिवशी बोललो असतो. पण तूच निरोप धाडलास ना, दादाला म्हणावं गप्प राहा."

तो थांबला. म्हणाला, "हो. मीच धाडला होता."

मला जरा हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तू ऐकणार नाहीस."

आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. उरलेल्या घड्या घातल्या, गठ्ठा फळीवर ठेवला आणि आबांना औषध द्यायला गेला.

चिमे, चौकशीचं काय व्हायचं ते होईल, पण तू ये. त्याच्याशी काय बोलावं, मला सुचत नाही.

दादा